ओतीव शिसं

माझ्या मावशीच्या यजमानांना बंदराच्या धक्क्यावर सगळे ‘वजनदार’ म्हणत. अंगानं ते अगदी काडीपैलवान. वारा जोरात सुटला तर आधी काकांना धरा आणि मग छत्री, असं मावशीच म्हणायची. पण ते टायरच्या दुकानात चाकांचं बॅलन्सिंग करायचे, आणि चाकाच्या कडेला ठोकायची शिशाची बारकी वजनं त्यांच्या खिशात कायम खुळखुळायची, म्हणून हे नाव पडलं होतं. काकांनी ते कधी मनावर घेतलं नाही. तसं ते काहीच मनावर घेत नाहीत असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. बोलणंच इतकं कमी, की आत काय चाललंय याचा पत्ता कुणाला लागणार?

त्यांना नाद एकच. सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता धक्क्याच्या टोकाशी जाऊन गळ टाकायचा. आणि त्यासाठी लागणारे जिग घरीच करायचे. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. डोकं माशाच्या तोंडासारखं निमुळतं, त्यावर रंग, रंगावर दोन डोळे, आणि मागे केसांचा नाहीतर पिसांचा झुपका. पाण्यात सोडून वरखाली नाचवला की मोठ्या माशाला वाटतं, कुणी जखमी पिल्लू धडपडतंय. तो झडप घालतो आणि फसतो. दुकानात असे जिग मिळायचे, पण धक्क्याखाली सगळे खडक. एका सकाळी चार-पाच अडकून तुटायचेच. म्हणून काका स्वतःच ओतायचे.

टायरच्या दुकानात जुन्या चाकांवरून निघालेली वजनं एका डब्यात पडून असायची. मालकाला त्यांचं काही नव्हतं, तो म्हणायचा, ने. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं उरकली की काका स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या शेगडीवर लोखंडी कढई ठेवायचे. खिडकी लावून घ्यायची, नाहीतर वाऱ्यानं आच फरफरते. वजनं हळूहळू खचायची, बसायची, आणि बघता बघता त्यांचं पाणी व्हायचं. वर काळी मळी यायची, ती चमच्यानं काढून टाकायची. साचा ॲल्युमिनियमचा, पुस्तकासारखा उघडणारा, एका लेथवाल्याकडून करून घेतलेला. त्याच्या आतून मेणबत्तीची काजळी धरायची म्हणजे शिसं चिकटत नाही. खाचेत गळ बसवायचा, साचा मिटायचा, पळीनं ओतायचं, दहापर्यंत मोजायचं. उघडला की आत चांदीसारखा लखलखीत जिग. कडेला शिशाची पातळ झालर आलेली असायची, ती काका तिथेच ओट्याशी बसून कानशीनं घासून काढायचे.

पुढचं काम मावशीचं. ब्रशच्या कारखान्यातून आणलेले बकरीचे केस ती चिमटीत धरून जिगच्या मानेभोवती पसरायची आणि नायलॉनच्या दोऱ्यानं घट्ट आवळायची. दोन हात पुरायचे नाहीत, म्हणून दोऱ्याचं एक टोक दातात. दोरा तोडायचा तोही दातांनीच. तिच्या हातचे जिग धक्क्यावर ओळखू यायचे. केस एकसारखे, गाठ दिसायची नाही. ‘हिच्या हाताची चव मला कळत नाही तेवढी माशांना कळते,’ असं काका वर्षातून एकदा म्हणायचे. तेवढाच त्यांचा विनोद.

शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याकडे राहायला जायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोन-तीन मुलांच्या वाटणीचे लाड मला एकटीला मिळाले. फक्त ओतणं चालू असताना मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. ओल्या साच्यात शिसं पडलं की उडतं, भाजेल म्हणून. भाजण्याची भीती सगळ्यांना होती. त्यापलीकडे भिण्यासारखं काही आहे याची कुणाला कल्पनाच नव्हती.

त्यांना मूल का नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीनंच एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. तीन वेळा दिवस राहिले होते आणि तिन्ही वेळा गेले. पहिल्या वेळी ती तेवीस वर्षांची होती आणि चौथा महिना होता.

“माझीच चूक,” ती म्हणाली. “वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढले होते. सासूबाई म्हणत होत्या, मी काढते. मी ऐकलं नाही.”

दुसऱ्या वेळी बसनं मोठा गचका खाल्ला होता. तिसऱ्या वेळी मात्र डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिनं पूर्ण विश्रांती घेतली होती, तरी सहाव्या महिन्यात व्हायचं ते झालंच. मुलगी होती.

“सासूबाईंनी एका शब्दानं बोल लावला नाही गं कधी,” मावशी म्हणाली. “बोल लावणारे बाहेरचेच. सासूबाई उलट माझ्याबरोबर रडायच्या. आणि तुझे काका...” ती थोडी हसली. “पहिल्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. दहा-बारा दिवस झाले असतील. यांना समजूत काढता येत नाही, तुला माहीत आहे. एक दिवस पलंगाला टेबल आणून लावलं, त्यावर केस, दोरा आणि दहा बोडके जिग. म्हणाले, अगं, मला हे बांधणं काही जमत नाही, बघ बरं तुला येतं का. खोटं बोलत होते गं, चांगलं जमायचं त्यांना. पण मी उठून बसले. पहिला जिग अगदी फिसकारलेल्या मांजरासारखा झाला. संध्याकाळपर्यंत चार बांधले. त्या दिवशी मी पोटभर जेवले.”

दर वेळी तसंच. दर वेळी काका टेबल आणून लावायचे. मग बांधणं तिच्या हाताला लागलं ते लागलंच. या दोघांच्या संसारात सुट्टीच्या दुपारचे ते तीन-चार तास म्हणजे सगळ्यात सुखाचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते घासताहेत, ही बांधतेय, रेडिओ बारीक आवाजात चाललाय. बोलणं जवळजवळ नाहीच.

मावशीनं बावन्न ओलांडली त्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. मुरडा पडल्यासारखं यायचं आणि जायचं. आधी पित्ताची औषधं झाली. मग रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या. तरी चेहरा पांढराफटकच. मग हातातून कप निसटायला लागले. मनगटात जोरच राहीना. एकदा मी गेले तर ती टेबलाशी बसली होती, समोर अर्धवट बांधलेला जिग, आणि दोरा आवळता येत नाही म्हणून डोळ्यांत पाणी.

मी दोघांना जबरदस्तीनं मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई वयानं लहानच होत्या, माझ्याएवढ्या असतील. त्यांनी मावशीचं मनगट वाकवून पाहिलं, मग तोंड उघडायला सांगून हिरड्यांवर बॅटरी धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

“घरी काय काम करता?” त्यांनी विचारलं.

“घरकाम,” मावशी म्हणाली. “आणखी काय?”

“रंगकाम, बॅटऱ्यांचं काम, डाग द्यायचं, सोल्डरिंगचं काम, असं काही?”

“छे.”

मीच सहज हसत म्हटलं, “मावशी जिग बांधते. मासे पकडायचे. काका शिसं ओततात आणि ही बांधते.”

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. “शिसं कुठे वितळवता?”

“गॅसवर,” काका म्हणाले.

“स्वयंपाकाच्या?”

“दुसऱ्या शेगडीवर,” काका म्हणाले, आणि आपण स्वच्छता पाळतो हे बाईंना कळावं असा त्यांचा आवाज होता.

तिघांचंही रक्त तपासायला गेलं. माझ्यात काही निघालं नाही. आठ दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा बाईंनी कागद टेबलावर उलटे करून ठेवले आणि आधी दार लावून घेतलं. मावशीच्या रक्तात शिसं होतं, असायला नको त्याच्या कितीतरी पट. काकांच्या त्याहून जास्त. शिसं अंगात गेलं की हाडांत जाऊन बसतं, त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं. वय झालं, हाडं झिजायला लागली की तिथून परत रक्तात उतरतं. धुरातून जातं, घासलेल्या भुकटीतून जातं, हाताबोटांवरून तोंडात जातं. औषधं आहेत. घर ओल्या फडक्यानं पुसून काढावं लागेल, आणि ओतणं आजपासून बंद.

काका मान हलवत होते. मावशी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. मग ती म्हणाली, “बाई, एक विचारू? याच्यानं... पोटातलं राहत नाही, असं होतं का?”

डॉक्टर बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “किती वेळा झालं होतं तसं?”

“तीनदा.”

“होऊ शकतं,” बाई सावकाश म्हणाल्या. “पण तुमच्या बाबतीत त्यानंच झालं, असं मी नाही सांगू शकत. इतर कारणंही असतात. तीस वर्षांपूर्वीचं रक्त आज कोण तपासणार?”

काका उठले. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि बाहेर गेले. आम्ही औषधं घेऊन आलो तर ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. येणारीजाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

घरी आल्या आल्या काकांनी कढई, पळी, साचा, कानस, शिशाचे तीन डबे, सगळं गॅलरीत नेऊन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलं. मग बादली आणि फडकी घेऊन स्वयंपाकघर पुसायला घेतलं. भिंती, ओटा, फळ्या, फळ्यांवरचे डबे, डब्यांची बुडं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. शेगडी काढून नवी आणली. आणि मग त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणंच सोडलं. बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. कामावर जायचे, यायचे, त्या खुर्चीत बसायचे. धक्क्यावर जाणं बंद. समोर ताट ठेवलं तर दोन घास खाऊन हात धुवायला उठायचे. मावशी स्वतःच्या अशक्त हातांनी त्यांच्यासाठी मऊ भात करायची, अंडं उकडायची, मागे लागून खायला घालायची. “अहो, एवढं तरी संपवा.” तिलाही औषधांनी मळमळायचं. ती कधी झोपायची, कधी खायची, हे कुणी विचारत नव्हतं. मीसुद्धा आले की आधी काकांनाच विचारायची, बरं आहे का.

तीन आठवडे असे गेले. एका संध्याकाळी मी तिथे असतानाच मावशीनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि काका म्हणाले, “नको. भूक नाही.”

मावशी तशीच उभी राहिली. मग तिनं ताट उचललं आणि मोरीत नेऊन आदळलं. तिच्या मनगटात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

“मला तुमच्यावर रागवायचं होतं,” ती बाहेर येऊन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “एकदाच. मनसोक्त. तेवढा तरी हक्क होता ना माझा? पण तुम्ही असे अंग टाकून बसलात की आता तुम्हालाच उचलत बसू का मी? माझं रडणंसुद्धा तुम्हीच घेतलंत. मला काही शिल्लक ठेवलंत का?”

काका बघत राहिले.

“तीस वर्षं मी त्या स्टुलाला दोष देत आले. त्या बसला. स्वतःला. आणि तिसऱ्या वेळी? तिसऱ्या वेळी तुम्ही मला जमिनीवर पाय टेकू दिला नाहीत. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून दिलात. दोन-तीन महिने पलंगावर बसून मी काय केलं, सांगा? काय केलं?”

“जिग बांधले,” काका म्हणाले.

“हो. जिग बांधले.”

शेजारच्या घरात कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, तेवढाच आवाज.

“तू रडायची थांबायचीस,” काका म्हणाले. “ते हातात घेतलंस की रडायची थांबायचीस. म्हणून मी आणून द्यायचो. मला वाटायचं, चला, एक गोष्ट तरी आपल्याला जमली.”

मावशी खाली बसली, त्यांच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर. तिचा राग संपला असं मला वाटत नाही. तो आजही संपलेला नाही, आणि का संपावा? पण ती तिथे बसली. त्यांच्या गुडघ्याला तिचा खांदा लागला होता, आणि दोघांपैकी कुणी हललं नाही. मी स्वयंपाकघरातल्या मोरीशी जाऊन ताट विसळत राहिले, उगाच मोठ्या आवाजात.

थोड्या वेळानं मावशीचा नेहमीचा आवाज आला. “अहो, तुमचा आधीचा प्लॅस्टरचा साचा मास्तरांनी नेला होता ना?”

मास्तर म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचे शिंपी, काकांचे धक्क्यावरचे सोबती. मागच्या वर्षी काकांनीच त्यांना घरी बोलावून ओतायला शिकवलं होतं.

“हो,” काका म्हणाले.

“त्यांच्या सुनेला दिवस आहेत. पाचवा लागला.”

काकांनी मान वर केली.

“आणि बांधायला तीच बसते,” मावशी म्हणाली. “परवा बाजारात भेटली तेव्हा मला सांगत होती, मावशी, तुमच्यासारखे जमत नाहीत म्हणून.”

“फोन कर त्यांना,” काका म्हणाले.

“हे फोनवर सांगायचं नसतं. उद्या सकाळी जाऊ.”

“तू सांग. मी येत नाही.”

“शिकवलं कुणी?” मावशी म्हणाली.

सकाळी आम्ही तिघं गेलो. मास्तरांचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. दोन शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्याला टांगलेले कागदाचे नमुने, आणि मधे एक पडदा. पडद्यामागे घर. एका मशीनवर मास्तरांचा मुलगा पँटच्या बाजूची शिलाई मारत होता. एक गिऱ्हाईक आरशासमोर कोट घालून स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करत होतं. सून दाराजवळ पाटावर बसून शर्टाला बटणं लावत होती. आणि तिच्या डोक्यावर, दोऱ्याची रिळं अडकवायच्या तारेवर, नुकते रंगवलेले सात-आठ जिग ओळीनं वाळत घातलेले होते. लाल डोक्याचे.

“या, या, वजनदार!” मास्तर खडू कानामागे खोचत म्हणाले. “किती दिवस झाले, धक्क्यावर पत्ता नाही. मासे विचारत होते तुम्हाला.”

“मास्तर, ओतणं बंद करा,” काका म्हणाले. दारातच, चप्पल काढायच्या आधी.

“का? माझे जिग तुमच्यापेक्षा सरस निघायला लागले म्हणून?” मास्तर हसले, गिऱ्हाईकही हसलं. “बघा हो, गुरूला शिष्य डोईजड झाला!”

“शिसं वाईट असतं. अंगात जातं.”

“अहो, कुठे वाचलंत? तीस वर्षं ओतताय तुम्ही. झालंय का काही तुम्हाला? चांगले खुटखुटीत आहात.”

काकांनी मावशीकडे पाहिलं. मावशी खालच्या फरशीकडे बघत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. पकड अगदी कच्ची होती, पण मी गप्प बसले.

“आमची तीन गेली, मास्तर,” काका म्हणाले.

“काय गेली?”

“मुलं. पोटातच. तीन.” काकांनी तीन बोटं वर केली आणि त्यांचं काय करावं हे न कळून तशीच धरून ठेवली. “मी ओतायचो. ही बांधायची. शिशानंच गेली का, ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. पण आमच्या दोघांच्या रक्तात शिसं निघालंय. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता तुम्हालाही माहीत आहे.”

मुलाचं मशीन थांबलं. कोटवाला आरशातून आमच्याकडे बघत राहिला. सुनेनं हातातला शर्ट हळूच बाजूला ठेवला, स्वतःची बोटं पाहिली आणि ती साडीला पुसायला गेली, मग मधेच थांबली.

मास्तरांचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं होतं, काढायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. मग ते एकदम टेबलावर चढले आणि तारेवरचे जिग ओढून काढायला लागले. मुलगा म्हणाला, “बाबा, हातानं नको,” आणि एक जुनी पिशवी घेऊन धावला. गडबडीत एक जिग कोटवाल्याच्या पाठीत अडकला. नव्याकोऱ्या कोटाला गळ. कुणालाच हसू आलं नाही. मावशीनंच पुढे होऊन तो सोडवला, कापड न फाडता, आणि मग सुनेला हाताला धरून उठवलं. “चल, आधी साबणानं हात धू. आणि आज डॉक्टरकडे जायचं. घाबरायचं नाही. तुझं अजून वेळेत कळलंय.”

बाहेर आलो तेव्हा मावशी दुकानाच्या पायरीवरच बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. येणारेजाणारे बघत होते. काका तिच्यापुढे उभे राहिले, रस्त्याकडे पाठ करून, आडोसा करावा तसे.

“तीस वर्षांत,” ती मला नंतर म्हणाली, “त्यांच्या तोंडून ‘मुलं’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.”

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. दोघांची औषधं सात-आठ महिने चालली. मावशीच्या मनगटात निम्मा जोर परत आला. कप धरता येतो, पाण्यानं भरलेली कळशी येत नाही. रक्तातलं शिसं उतरलं. हाडांतलं आहे ते राहणार. टायरच्या दुकानात आता लोखंडाची वजनं येतात. शिशाचे तीन डबे झाकणं पक्की बंद करून काकांनी तिथल्या भंगारात दिले. साचा मात्र घणानं ठोकून चपटा केला आणि मगच टाकला, कुणी उचलून वापरू नये म्हणून. धक्क्यावर ते परत जायला लागले, पण गळ टाकत नाहीत. जो कुणी शिसं ओततो असं कळतं त्याच्याशेजारी जाऊन उभे राहतात आणि सांगतात. काही जण ऐकतात. काही जण मागे त्यांना वेडा म्हणतात. एकानं तोंडावर म्हटलं, तरी काका पुढच्या सुट्टीला त्याच्याच शेजारी जाऊन उभे राहिले.

मास्तरांच्या सुनेच्या रक्तात थोडं शिसं निघालं. डॉक्टरांनी तिला त्या घरातून हलवायला सांगितलं, म्हणून बाळंतपणापर्यंत ती आईकडे राहिली. मुलगा झाला. वजनाला जरा कमी, पण धडधाकट. बाळ दोन महिन्यांचं होऊन घरी आलं तेव्हा मास्तरांनी आम्हाला बोलावणं पाठवलं. दुकान धुऊन-पुसून रंगवलेलं होतं.

मावशीनं बाळाला आधी घेतलं. मग सून काकांना म्हणाली, “काका, तुम्ही पण घ्या ना.”

काका उठून मोरीवर गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुसले. परत धुतले. तिसऱ्यांदा साबण घ्यायला लागले तेव्हा सून मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पुरे, काका. झाले स्वच्छ.” आणि बाळ त्यांच्या हातात दिलं. काकांनी एक तळवा मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि बाळ असं सहज छातीशी आणलं की मास्तर म्हणाले, “वा! सराव दिसतोय.” म्हणाले आणि जीभ चावली. काकांचं लक्ष नव्हतं. बाळानं जांभई दिली, तर काकांचंही तोंड नकळत उघडलं.

परत येताना आम्ही बसथांब्यावर बाकावर बसलो होतो. मावशी मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना.

“मान बरोबर धरलीत तुम्ही,” मावशी म्हणाली. “पहिल्यांदा घेणाऱ्याला जमत नाही.”

काका म्हणाले, “आईनं शिकवलं होतं.”

“कधी?”

“पहिल्या वेळी. तू माहेरी गेली होतीस ना, आठ दिवस. तेव्हा. उशी घेऊन. रोज संध्याकाळी उशी हातात द्यायची आणि म्हणायची, हं, आता मान धर.”

“मला नाही कधी सांगितलंत.”

“तू आलीस, आणि मग... सांगण्यासारखं राहिलं नाही.”

बस आली. मी उठले. मावशी उठली नाही. चालकानं क्षणभर वाट पाहिली, दार मिटलं आणि बस निघून गेली.

“आणखी काय शिकवलं होतं सासूबाईंनी?” तिनं विचारलं.

काका विचार करायला लागले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, रिकामे, आणि सांगायला लागले. अंघोळीचं पाणी कोपरानं कसं बघायचं. दूध पाजल्यावर खांद्यावर कसं घ्यायचं, पाठीवर थोपटताना हात किती हलका ठेवायचा. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मावशी मधे मधे “हं” म्हणत होती, आणि एकदा म्हणाली, “असं नाही, जरा आडवं,” आणि त्यांचा हात धरून तिनं तो नीट केला.